सेकंड-हँड प्लास्टिक स्टेशन: आधी चकाकी घालवा

फोटो नीट पाहिले. श्टुटगार्टच्या जुन्या बाजारात मिळालेलं मॉडेल रेल्वेचं स्टेशन, फालर या जर्मन कंपनीचं, एचओ मापाचं (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याएवढं), आधीच जोडलेलं, भिंती पिवळट, कडेला गोंदाचे डाग. तुम्ही विचारलंय, सगळं सुटं करून स्प्रे मारू, की वरूनच काळा-तपकिरी रंग फासू? माझ्या मते दोन्ही नको. प्लास्टिकचा गोंद सांधे वितळवून एकजीव करतो, ओढाताण केलीत तर भिंतच तुटेल. छप्पर सहज निघत असेल तर तेवढं काढा.

ही किट रंगीत प्लास्टिकमध्येच ओतलेली असतात, रंग न देताही जोडता यावीत म्हणून. त्यामुळे ती चकाकतात, आणि खरी भिंत कधी अशी चकाकत नाही. आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ टूथब्रशने धुवा. पाणी कढत नको, भिंती वाकतात. थिनर आणि ॲसिटोन तर जवळही आणू नका, हे प्लास्टिक (पॉलिस्टायरीन) त्यात विरघळतं. गिलाव्याच्या भागाला मॅट ॲक्रिलिकचे दोन पातळ हात द्या. शुद्ध पांढरा टाळून किंचित राखाडी झाक असलेला घ्या. पिवळेपणा तिथेच झाकला जातो.

विटांच्या भिंतीला फिका राखाडी ॲक्रिलिक पाण्यात खूप पातळ करून लावा, दरजांमध्ये उतरू द्या, मग ओलसर फडक्याने विटांचा माथा पुसा. एवढ्याने भिंत जिवंत होते, आणि मला या सगळ्या कामात हाच टप्पा सर्वांत आवडतो.

आता जुनेपणा. रंगाची बाटली उघडण्याआधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते पाहा. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून ओघळ उतरतात, पन्हळीच्या सांध्याखाली डाग पडतो, जोत्यालगत पावसाचे शिंतोडे उडून मातकट पट्टा उमटतो. बाकीची भिंत तशीच सोडा. १:८७ मध्ये १ मिलिमीटरचा ओघळ म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ ९ सेंटिमीटर, म्हणून सर्वांत बारीक ब्रश घ्या.

काजळीचंही तेच. पश्चिम जर्मनीच्या सरकारी रेल्वेवर वाफेची इंजिनं १९७७पर्यंत धावली. त्याआधीचा काळ दाखवायचा असेल तर रुळांकडची बाजू, वळचण आणि चिमणीचा माथा काळवंडू द्या, रस्त्याकडची बाजू त्या मानाने स्वच्छ ठेवा. कोरडे पेस्टल खडू ब्लेडने खरवडून ती पूड मऊ ब्रशने लावा. तेलकट पेस्टल चालत नाहीत. शेवटी मॅट वार्निशचा हलका फवारा द्या. त्याने पूड बरीच फिकी पडते, तेव्हा आधी थोडी जास्तच लावा. फवारताना खिडक्यांच्या काचा झाकायला विसरू नका. सुटलेली काच सुपरग्लूने चिकटवू नका, वाफेने ती धुरकट होते. लाकडाचा पांढरा गोंद पुरतो.

आत दिवा लावणार असाल तर भिंतींना आतून आधी काळा, मग पांढरा रंग द्या, नाहीतर अख्खी भिंतच उजळून दिसेल. छप्पर त्यानंतरच बसवा.