जेवताना गप्पा रंगवायच्यात? आधी एवढंच करा

सगळे एकत्र जेवतात पण बोलत कोणी नाही, ही तक्रार घरोघरी आहे; मनावर घेऊ नका. आठवड्यातली एकच रात्र धरा, रविवारची चालेल. रोजचा नेम लगेच मोडतो.

खरी गंमत प्रश्नात आहे. "शाळेत काय झालं?" याला "काही नाही" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा "या आठवड्यात वर्गात कोणाला ओरडा बसला?" विचारून बघा. आजी-आजोबांना "तुमच्या काळी कसं होतं?" असं मोघम विचारलंत, तर उपदेश ऐकायची तयारी ठेवा. नेमकं विचारा: १९७२च्या दुष्काळात घरी काय शिजायचं? लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीवरून गाडी सुकडीवर, म्हणजे दुष्काळात वाटलेल्या पौष्टिक खाऊवर, जाते आणि नातवंडंही कान देतात. जुने पुणेकर असतील तर पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. मग जेवण आटोपतं, हात वाळतात, पण कोणी उठत नाही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- मुलांच्या बोलण्यातून मार्कांवर घसरणं. (ही सगळ्यात वाईट.)
- "ही गोष्ट ऐकलीय" म्हणून आजोबांना तोडणं.
- स्वतः काही न सांगता नुसतं विचारत राहणं.

मोबाइलबंदीचा फतवा इतक्यात काढू नका. चिठ्ठ्यांचे खेळ, आठवणींचं रेकॉर्डिंग वगैरे नंतर बघू. या रविवारी एकच प्रश्न घेऊन बसा आणि पहिलं उत्तर तुम्ही द्या.