हजार वर्षांनी आपली दफने उकरणाऱ्यांना आपल्याविषयी काय समजेल?

चुकीचे बरेच समजेल. आपल्या सोलापूरकडच्या बहुसंख्य माणसांचे दहन होते आणि अस्थी चंद्रभागेत किंवा दुसऱ्या एखाद्या नदीत जातात, त्यामुळे ती त्यांना सापडणारच नाहीत. सापडतील ती मुस्लिम, ख्रिस्ती आणि लिंगायत दफने, शिवाय दहन करणाऱ्या घरांतलीही तान्ही बाळे, कारण त्यांना पुरण्याची रीत आहे. एवढ्यावरून कोणी सोलापूरचा समाज मांडला, तर तो खरा असणार नाही.

माझा मोठा आक्षेप मात्र दफनावरून माणसाची पायरी ठरवण्याला आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यातील इनामगावला प्राचीन वस्तीचे उत्खनन केले, तेव्हा प्रौढांचे सांगाडे बहुधा घोट्याखाली पाय तोडून आडवे पुरलेले आढळले. एक पुरुष तेवढा मातीच्या चार पायांच्या रांजणात, पाय शाबूत ठेवून बसवलेला होता आणि त्याला गावचा प्रमुख मानले गेले. तिथे हा तर्क पटतो. आमच्या रुद्रभूमीला, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीला, तोच लावला, तर जमिनीखाली सगळे प्रमुखच निघतील, कारण तिथे सगळ्यांनाच बसवून पुरतात.

माझे आजोबा गिरणी कामगार होते. ते लिंगैक्य झाले, म्हणजे वारले, तेव्हा मांडी घालून बसवताना उजवा पाय वळेना, कारण खुब्यात धातूचा सांधा होता. जंगमांनी, म्हणजे आमच्या पुरोहितांनी, सांगितले, जेवढा दुमडेल तेवढाच दुमडा. डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचे छोटे लिंग, ठेवले, भोवती बेलपाने, विभूती आणि मीठ घातले. शेजारच्या समाधीतला व्यापारी असाच बसलेला आहे. आमचे चुलतभाऊ तरीही ग्रॅनाइटच्या चौथऱ्यासाठी हटून बसले, आजोबा समाजाचे पंच होते हे लोकांना कळले पाहिजे म्हणून. प्रत्येकाच्या अंगावर लिंग देऊन बसवण्णांनी बाराव्या शतकात जी उतरंड नाकारली, ती आपण चौथऱ्याच्या उंचीने पुन्हा रचतो, हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

ग्रॅनाइट पुढेमागे कोणीतरी उचलून नेईल, पण खुब्यातला सांधा राहील आणि त्यावर कोरलेला क्रमांकही. गिरणीतल्या माणसावर अशी शस्त्रक्रिया होत असे, ही माहिती कोणत्याही बिरुदापेक्षा मोलाची आहे. ती वस्तू जागच्या जागी मिळेलच असे नाही, कारण आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, वरचे खाली जाते आणि पावसात माती फुगून सगळे सरकते. म्हणून खड्ड्यात पॉलिस्टरच्या शाली आणि प्लास्टिकचे हार तरी घालू नयेत. ते टिकतात आणि त्या माणसाविषयी काहीही सांगत नाहीत.

हे सारे मी आमच्या रीतीपुरते लिहिले आहे. इतरांच्या दफनभूमीत नाव कोरण्याला वेगळा अर्थ असू शकतो, आणि पुढच्या संशोधकांकडे हाडांतल्या डीएनएखेरीज आपली कागदपत्रेही असतील. पण चौथऱ्याचा विषय घरातल्या वडीलधाऱ्यांशी त्यांच्या हयातीतच बोलून घ्यावा. आमच्याकडे तो खड्ड्याच्या काठावर निघाला, आणि आजोबांना स्वतःला काय हवे होते हे मी किंवा चुलतभावांनी, कोणीही विचारलेले नव्हते.