रेग्युलेटर तुम्ही उघडू नका

प्रश्न : कुडचडेला माझे छोटे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे. मी आणि एक पोरगा, बस. सात महिन्यांपूर्वी मडगावच्या दुकानातून ३८ हजारांचा कॉम्प्रेसर घेतला, वॉरंटी एक वर्षाची. त्याचा प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे स्प्रे गनला जाणाऱ्या हवेचा दाब कायम ठेवणारा भाग, बिघडला. दुकानाच्या मेस्त्रीने ‘नवे किट घातले’ म्हणून १,२०० रुपये घेतले, बिल दिले नाही. आठवड्यात पुन्हा तेच. एका गाडीच्या बॉनेटचा रंग ओघळला, साडेसहा हजार माझ्या खिशातून गेले. दुकानदार म्हणतो, टाकीतले पाणी तुम्ही काढत नाही. शिवाय गॅरेजवाल्याला ग्राहक कायदा लागत नाही.

उत्तर : शेवटच्या वाक्यात दुकानदाराने अर्धाच कायदा सांगितला. धंद्यासाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही, हे खरे. पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘व्यावसायिक हेतू’तून वगळली आहे. स्प्रे गन तुमच्या हातात असते, हा तुमचा खरा पुरावा. मदतीला एक-दोन माणसे ठेवल्याने ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे. ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. उद्या चार पेंटर ठेवून तुम्ही नुसते गल्ल्यावर बसलात, तर मात्र माझे उत्तर बदलेल.

(पोर्तुगीज कायद्याचे काय, असे आमच्याकडे कोणी ना कोणी विचारतेच. तो वारसा-लग्नापुरता, कॉम्प्रेसरला नाही.)

आता पुरावा. रेग्युलेटर ४० पीएसआयवर (हे हवेच्या दाबाचे माप) लावून गनचा ट्रिगर सोडल्यावर दाबाचा काटा आपोआप वर चढत असेल, तर आतली झडप नीट बसत नाही, असा संशय येतो. सीटवर कचरा असेल, सीट झिजली असेल, किंवा ‘नवे’ किट जुनेच असेल. यातले नेमके काय, ते उघडल्यावर कळेल. आणि म्हणूनच तुम्ही उघडू नका! तुमचा पाना लागला की ‘यानेच बिघडवले’ म्हणायला समोरचा मोकळा.

त्याऐवजी व्हिडिओ काढा. आधी टाकीचा खालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढा, तेही त्यात येऊ द्या. आपल्या पावसात टाकीत पाणी साचतेच, दुकानदाराचा मुद्दा अगदी हवेतला नाही. मग नॉब न हलवता काटा चढताना दाखवा. रेग्युलेटर न उघडता अख्खा काढून पिशवीत सील करा. नवा बसवून काम सुरू करा, बिल जपा. नुकसान वाढू न देणे हे तुमचेही कर्तव्य आहे.

तक्रारीआधी दुकानदाराला लेखी नोटीस पाठवा, तीत पंधरा दिवस द्या आणि दोघांसमोर रेग्युलेटर उघडायला बोलवा. तो आला नाही, तर आयोगाला रेग्युलेटर तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवता येतो. १,२०० रुपये यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंद काढा. बिल न देणे ही स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

तक्रार दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे, मडगावला. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. मागणी मात्र बेताची ठेवा : १,२००, साडेसहा हजार, नव्या रेग्युलेटरची किंमत आणि थोडा खर्च. मनस्तापाचे दोन लाख लिहून आणणारे अशील माझ्याकडे येतात. पहिली काट मी तिथेच मारतो. बॉनेटवाल्या गिऱ्हाइकाकडून एक सही केलेली चिठ्ठी आजच घेऊन ठेवा, गाडी विकली की तो सापडणार नाही.