साक्ष छान झाली, पण पाटल्या गहाण आहेत

प्रश्न : सलाम ताई. दर गुरुवारी आमच्या मंडळीची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा असते, आळीपाळीने एकेकाच्या घरी. मागच्या महिन्यात आमची पाळी होती. मिस्टरांची नोकरी जाऊन सात महिने झालेत, माझ्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्यात आणि हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही. तरी मी उभी राहिले आणि साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, की प्रभूने आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. सगळे हालेलूया म्हणाले. रात्री भांडी घासताना माझी मलाच लाज वाटली. त्यात जाऊबाईंनी नवीन फ्लॅट घेतला, तिथली उपकारस्तुतीची प्रार्थना पण मलाच करायला लावली. आता प्रार्थनेला बसले की तोंडातून आपोआप 'हे दयाळू स्वर्गीय पित्या' सुरू होतं आणि वाटतं आपण रेडिओवर बातम्या वाचतोय. खरं सांगू, मला देवाचा राग आलाय. पण त्याला असं बोलायचं कसं? पाप नाही का ते?
एक बहीण, श्रीरामपूर

उत्तर : सलाम गं. मला लिहिलंस ना जे लिहायचं ते, अगदी तसंच त्याला सांगायचं, त्यात एक शब्द पण बदलायची गरज नाही.

रागाचं आधी बोलू. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांमधली कितीतरी निव्वळ तक्रारीची आहेत, पण आपण मीटिंगमध्ये धीर देणारी २३वं आणि १२१वंच काढतो. ८८वं काढून बघ एकदा. बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे नाही वळत, मूळ हिब्रूत तर त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. आणि ते कुणी कापून टाकलं नाही, शतकानुशतकं देवाच्या लोकांनी ते उपासनेत म्हटलं. बायबलमधल्या ईयोबाचं पण तेच, सगळं गमावलेला तो माणूस देवाशी अक्षरशः भांडतो आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन गोड गोड बोलत राहतात, आणि शेवटी ४२व्या अध्यायात देव रागावतो ते मित्रांवर, म्हणतो ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तुम्ही नाही.

पण मला तुला खरं तर बायबलमधल्या हन्नाकडे न्यायचंय, १ शमुवेल या पुस्तकाचा पहिला अध्याय. मूल नाही, सवत टोमणे मारते, दर वर्षी शिलोला यात्रेला गेलं की हिचं रडणं सुरू, जेवण बंद. नवरा भला माणूस, पण विचारतो काय तर मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का! (नवरे तेव्हापासून असेच आहेत.) मग ती उठून देवापुढे जाते आणि मनातल्या मनात बोलते, नुसते ओठ हलतात, आणि एली याजकाला वाटतं बाई पिऊन आलीये. ती म्हणते नाही हो, मी परमेश्वरापुढे माझं मन ओतत होते. आता बघ, तिला नेमकं काय हवंय हे ती एलीला सांगतच नाही. त्यानेही विचारलं नाही, नुसतं म्हणाला देव तुझं मागणं देवो. आणि ती गेली, जेवली, तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. मूल तर अजून कुठेच नव्हतं तेव्हा!

म्हणजे पाटल्यांचं सगळ्यांसमोर सांगायलाच हवं असं काही नाही. देवासमोर खरं असणं वेगळं आणि गुरुवारच्या मीटिंगला घरचा हिशोब मांडणं वेगळं. फक्त जे नाही ते बोलू नकोस. पुढच्या वेळी साक्षीला कुणी नाव घेतलं तर म्हण, दिवस कठीण आहेत, आमच्यासाठी प्रार्थना करा, आणि बस खाली. एखादी विश्वासातली बाई असेल तर तिला मात्र सगळं सांग, सात महिने दोघांनीच ओझं वाहणं फार झालं.

भाषेचं म्हणशील तर पंडिता रमाबाई आठवतात. संस्कृतमधला एवढा अधिकार की १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हणून गौरवलं, आणि त्याच बाई म्हातारपणी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी करतात ते मुद्दाम साध्या बायकांना कळेल असं. दुसरं म्हणजे त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, आणि पुढे स्वतःच लिहून ठेवलं की आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता मिळाला. तोपर्यंत विधवांसाठीची त्यांची शाळा, शारदा सदन, सुरू झालेलं, देशा-परदेशात नाव झालेलं, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला काय कमी दिसलं असतं? तरी त्यांनी ते कबूल केलं. तू भांडी घासताना लाजलीस, ती जागा मला त्याच्याच जवळपासची वाटते. मग तिथेच बोल ना, ओट्याशी, घरच्या बोलीत, 'अरे देवा, हे काय चाललंय' इथून सुरू कर.

एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. जाऊबाईंच्या फ्लॅटचं तू एका ओळीत लिहून पटकन पुढे गेलीस. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात प्रार्थना करणारा परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आठव, लूक १८. तो खोटं बोलला असं येशू कुठेच म्हणत नाही, आठवड्यातून दोनदा उपास, दशमांश, सगळं तो खरंच करत असेल. फक्त सगळी नजर दूर उभ्या जकातदारावर, ज्याला लोक पापी समजत, स्वतःच्या आत काय आहे ते राहूनच गेलं. देवाचा राग आलाय हे सांगशील तेव्हा जावेचा हेवा वाटतो हे पण सांग गं. ते जास्त जड जाईल बघ.

प्रश्न : छापील प्रार्थना वाचून म्हणणं म्हणजे ढोंग का? आमचा मुलगा म्हणतो मनापासून असेल तर पुस्तक कशाला.
एक वाचक, पुणे

उत्तर : मुलाला विचारा, वधस्तंभावर येशू काय म्हणाला. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस' ही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, लहानपणापासून ऐकलेली, दुसऱ्याची. जीव जाताना त्याला तीच आठवली. पुस्तक राहू द्या, फक्त जरा हळू वाचा, आमच्याकडे प्रभूची प्रार्थना वीस सेकंदांत उरकतात.