वाचकांचे प्रश्न : भागाकार सतरा तास सांगतो, तिकीट एकोणीस

प्रश्न : सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर असल्याचे वाचले. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर सतरा तास येतात; तिकिटावर मात्र साडेअठरा-एकोणीस तास दिसतात. चुकले कोठे?

उत्तर : अंतर बरोबर आहे आणि तिकीटही बरोबर आहे. विमान तेवढेच अंतर कापते आणि हवा स्थिर असते, ही भागाकारामागची दोन गृहीतके मात्र टिकत नाहीत.

अंतराचा पडताळा कागदावर करता येतो. चांगी १.४ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्कचा विमानतळ ४०.६ अंश उत्तर आणि ७३.८ अंश पश्चिम. रेखांशांची बेरीज जवळजवळ १७८ अंश, म्हणजे दोन्ही ठिकाणे उत्तर ध्रुवाच्या दोन बाजूंना समोरासमोर आली आणि सर्वांत जवळची वाट ध्रुवाच्या अगदी शेजारून गेली. सिंगापूर ते ध्रुव ८८.६ अंश, ध्रुव ते न्यूयॉर्क ४९.४ अंश, एकूण १३८. दर अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १५,३४६ किलोमीटर होतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून ही वाट कधीच सापडणार नाही.

प्रत्यक्षात न्यूयॉर्ककडे निघालेले विमान पुष्कळदा ध्रुवाकडे न वळता पॅसिफिक महासागरावरून जाते आणि हजारभर किलोमीटर जास्तीचे कापते. याचे कारण वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वेगवान प्रवाह वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. विमानाचे ताशी ९०० किलोमीटर हे भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतात. पाठीशी १५० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने तेच १,०५० होतात, समोरून असेल तर ७५०. त्यामुळे लांबची वाट वेळ आणि इंधन दोन्ही वाचवू शकते. गंमत अशी की परतीचे विमानही अनेकदा अटलांटिकवरून पूर्वेकडेच निघते आणि एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करते. वाऱ्याचा जोर किती असू शकतो हे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले : एरवी साडेसहा-सात तास घेणारा न्यूयॉर्क ते लंडन प्रवास एका विमानाने वादळी वाऱ्याच्या पाठबळावर पाच तासांच्या आत संपवला.

उरलेला फरक किरकोळ आहे. तिकिटावरचा वेळ दारापासून दारापर्यंतचा, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला उभे राहीपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास, रांग, चढण आणि उतरण हे सारे येते, शिवाय उशिरासाठी कंपन्या थोडी सूटही धरून ठेवतात.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. तिकिटावरील निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरपेक्षा बारा तास मागे असते, हिवाळ्यात तेरा. उन्हाळ्यात सिंगापूरहून रात्री साडेअकराला निघून साडेअठरा तास उडालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न्यूयॉर्कला उतरतो, आणि नुसती घड्याळे पाहिली तर प्रवास साडेसहा तासांचाच झाल्यासारखा वाटतो.