मीठ-मेण लावलं की तो जलरंग राहत नाही का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बरीच वर्षं जलरंगात लँडस्केपच करतेय, आपला होळकरांचा राजवाडा नाहीतर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं). आता अ‍ॅबस्ट्रॅक्ट करून बघावं म्हणून मीठ, मेणबत्ती, अ‍ॅक्रिलिक, टिश्यू पेपर सगळं एकाच कागदावर लावलं तर नुसता चिखल झाला, वर क्लासचे सर म्हणाले हा जलरंगच नव्हे. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: सरांचं मनावर घेऊ नका हो. इंग्रज चित्रकार टर्नर ओल्या रंगावर चक्क नखाने ओरखडे काढायचा, आणि रशियन चित्रकार कॅन्डिन्स्कीचं जे चित्र पहिलं अमूर्त (अ‍ॅबस्ट्रॅक्ट) जलरंगचित्र म्हणून दाखवतात (तारीख १९१०, ती त्याने नंतर घातली असं बरेच जाणकार म्हणतात) त्यात पेन्सिल आणि शाईपण आहे. आणि आपण तर विष्णू चिंचाळकर गुरुजींच्या गावातले, ज्यांनी वाळकी पानं नि लाकडाचे तुकडे घेऊन चित्रं केली, आपल्याला कसली शुद्धतेची भीती!

चिखल झाला तो वस्तू जास्त झाल्या म्हणून नाही, कुठल्या वस्तूला काय काम द्यायचं ते ठरलं नव्हतं म्हणून. राजवाडाच घ्या ना, तुमच्या हातातला विषय आहे. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. खिडक्या-झरोके सगळं सोडून द्या, फक्त खाली जड आणि वर हलकं एवढंच ठेवा. वरच्या भागात कोरड्या कागदावर आधी पांढरी मेणबत्ती उभी-उभी घासा, जरा दाबून, आणि मग बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, सोडा, मेणावर रंग बसत नाही त्यामुळे लाकडाच्या रेषा आपोआप उमटतात. खाली अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना मिळून करडा वॉश, तो दाणेदार सुकतो, आणि त्यावर जाडं मीठ. पण मीठ टाकायची वेळ चुकली की सगळं वाया, पाणी साचलेलं असताना टाकलं तर नुसतं विरघळतं, वाळल्यावर टाकलं तर काहीच होत नाही, वॉशची चमक मंदावायला लागली की तेव्हाच टाकायचं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ही वेळ हातात येतच नाही, वॉश बघता बघता सुकतो, सकाळी बसा. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन घ्या, हलका कागद एवढं पाणी झेलत नाही.

अ‍ॅक्रिलिक आणि टिश्यू सगळ्यात शेवटी. अ‍ॅक्रिलिक वाळलं की प्लास्टिकचा थर होतो, वर जलरंग लावला तर थेंब होऊन पळतो, तुमचं बहुतेक इथेच फसलं असणार. टिश्यू मॅट मीडियमने (चमक न येणारं अ‍ॅक्रिलिक माध्यम) चिकटवा, आणि तोसुद्धा मेण नसलेल्या जागी, मेणावर धरणार नाही. साध्या जेसोवर (कॅनव्हासला आधी देतात तो पांढरा थर) जलरंग लावायचा मोह होतो, पण तो रंग ओल्या ब्रशने लगेच निघून येतो, तसं करायचंच असेल तर वॉटरकलर ग्राउंड म्हणून वेगळं मिळतं ते घ्या, थोडं महाग पडतं.

एका कागदावर दोनच वस्तू, त्याच्यापुढे जायची सध्या तरी गरज नाही. आणि मिठाचे दाणे कागद पूर्ण वाळल्यावर झटकून टाका हं, फ्रेमच्या काचेआड राहिले तर पावसाळ्यात ओल धरतात.