रशियात बायकोला मारहाण करणं खरंच कायदेशीर आहे का?

नाही, कायदेशीर नाही. पण पहिल्या वेळी हाड मोडलं नाही आणि प्रकृतीला वैद्यकीयदृष्ट्या नोंदवण्याजोगी इजा झाली नाही, तर तो तिथे फौजदारी गुन्हा ठरत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुतिन यांनी सही केलेल्या दुरुस्तीने कुटुंबातली अशी मारहाण फौजदारी संहितेच्या कलम ११६ मधून काढली. आता शिक्षा म्हणजे ५ ते ३० हजार रूबल दंड, १० ते १५ दिवसांची कोठडी किंवा सक्तीचं समाजकाम. दंड बहुधा घरखर्चाच्या पैशातूनच जातो, म्हणजे मार खाल्लेल्या बाईलाच तो पुन्हा भोवतो. मला यातली ही गोष्ट सर्वांत संतापजनक वाटते.

विधेयक खासदार येलेना मिझुलिना यांनी पुढे रेटलं, 'पारंपरिक मूल्यां'च्या नावाखाली. ऑर्थोडॉक्स चर्चचाही दबाव होता. दूमात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ३८० विरुद्ध ३ मतांनी ते मंजूर झालं. विरोधी पक्ष नावापुरता उरला की संसदेत असं होतं. स्वतंत्र कौटुंबिक हिंसा कायद्याचा मसुदा २०१९ मध्ये आला, पण तो पुढे सरकलाच नाही. त्याच वर्षी युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने कौटुंबिक हिंसेच्या एका प्रकरणात रशियाला दोषी धरलं होतं; सप्टेंबर २०२२ पासून रशिया त्या न्यायालयामागच्या मानवाधिकार कराराबाहेर आहे, त्यामुळे नव्या घटनांसाठी बायकांची तीही दारं बंद झाली.

मात्र सगळा दोष हुकूमशाहीवर टाकता येणार नाही: मारहाण वर्षभरात पुन्हा झाली तर फौजदारी कलम लागतं, आणि पोलिसांची 'घरचा मामला' म्हणून टाळाटाळ २०१७ च्या आधीपासूनची आहे.